वाकेन, पण मोडणार नाही

आमच्याकडे बाग म्हणजे काय, ते आधी सांगतो. नाहीतर पुढचं सगळं कर्जत-नेरळच्या फार्महाऊसवाल्यांसाठी लिहिलंय असं वाटायचं. मुंबईत हिंदमाताच्या कपडा बाजारामागे आमची तळमजला अधिक तीन मजल्यांची जुनी इमारत आहे. कंपाउंडच्या भिंतीला लागून तीन फूट रुंद आणि वीस फूट लांब मातीची पट्टी, तीच बाग. एका टोकाला ड्रेनेजचं चेंबर, दुसऱ्या टोकाला पंपाची खोली, मध्ये एक सोनचाफा आणि त्याच्या आजूबाजूला जास्वंद, अनंत, कढीपत्ता, गवती चहा. चेंबरजवळचा अळू कोणी लावलेला नाही, तो आपला आला. पट्टीच्या अलीकडे जेमतेम पाच फुटांची वाट, आणि त्या वाटेवरून सकाळी दहापासून साड्यांचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्या गोदामाकडे जातात.

अशा जागेत स्प्रिंकलर बसवायचा तर भूमितीच आडवी येते. फवारा भिंतीकडे बसवला तर पाणी वाटेवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पँटवर आणि गठ्ठ्यांवर. वाटेच्या कडेला बसवून भिंतीकडे तोंड केलं, तरच वाट कोरडी राहते. म्हणजे फवारा हवा नेमका तिथे, जिथून हातगाडीचं चाक चार बोटांवरून जातं.

पहिल्या खेपेला मी कडक पीव्हीसीचे राइझर लावले. राइझर म्हणजे जमिनीतल्या आडव्या नळीतून वर येणारा उभा तुकडा. त्याच्या डोक्यावर फवारा बसतो. तिसऱ्याच दिवशी चाक लागलं. वरून पाहिलं तर राइझर नुसता कलला होता, अखंड दिसत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॉल्व्ह उघडला आणि वर चहा घ्यायला गेलो. खाली आलो तेव्हा साडीवाल्या शेठचा माणूस गोदामाच्या उंबऱ्यावर पोतं टाकून पाणी अडवत होता. दोन गठ्ठे खालून भिजले होते. पुढचं संभाषण छापण्यासारखं नाही.

मोडलं होतं ते जमिनीखाली, टीच्या, म्हणजे आडव्या नळीला फाटा काढणाऱ्या जोडाच्या, तोंडाशी. कडक नळी ही पहारीसारखी वागते: वर आठ इंचांवर बसलेला धक्का तिच्या मुळाशी कितीतरी पट होऊन पोचतो, आणि मुळाशी असतात आटे. आटे पाडले की तिथे नळीची जाडी कमी होते, म्हणून ती तिथेच तुटते. तुटताना आट्यांचं कडं टीच्या आत ठेवून जाते. आमच्या प्लंबरने ते कसं काढलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याने हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा गॅसवर तापवला, अडकलेल्या कड्यात आडवा खुपसला, फुंकर मारून थंड होऊ दिला आणि मग पान्ह्यात पकडून उलटा फिरवला. कडं अलगद बाहेर आलं. "काका, नळी वाकली असती तर हा खेळच नव्हता," तो हात पुसत म्हणाला. मराठी माणसाला 'मोडेन पण वाकणार नाही' हे लहानपणापासून शिकवलेलं. बागेच्या राइझरने मात्र नेमकं उलट वागावं.

लवचिक राइझर तीन तऱ्हांनी मिळतो. पहिला तयार, जाड भिंतीचा काळा प्लॅस्टिकचा तुकडा, दोन्ही टोकांना अर्धा इंची आटे. टीमध्ये फिरवायचा, वर फवारा फिरवायचा, झालं. दुसरा म्हणजे स्विंग पाइप. ही आतून साधारण १२ मिलिमीटर पोकळ, जाड आणि वळणारी नळी हवी तेवढी कापून घेतात आणि तिच्या दोन्ही टोकांत खाचेदार एल्बो दाबून बसवतात. एका एल्बोचे आटे टीमध्ये जातात, दुसऱ्याचे फवाऱ्यात. माझ्या मते अडचणीच्या जागेला हा दुसरा प्रकार सगळ्यात चांगला, कारण लांबी आपल्या हातात राहते. तिसरा आपला देशी मार्ग, ठिबकचा: १६ मिलिमीटरची लॅटरल, तिला भोक पाडून रबरी ग्रोमेट आणि टेकऑफ, त्यातून बारीक मायक्रोट्यूब, आणि मातीत खोचलेल्या काडीवर मायक्रो स्प्रिंकलर. चाक लागलं तर काडी आडवी पडते, नळीला काही होत नाही. संध्याकाळी काडी पुन्हा उभी करायची.

हे सामान जळगाव, नाशिक, बारामतीकडे ठिबकच्या कुठल्याही दुकानात मिळतं. मुंबईत मात्र शोधावं लागतं. नागदेवी स्ट्रीटला पाइप, क्लिपा, पितळी फिटिंग मिळेल, पण ग्रोमेट मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. गावाकडून कोणी येणार असेल तर लाडवांच्या डब्यासोबत ग्रोमेट-टेकऑफची एक पिशवी सांगून ठेवा.

एक चौथा प्रकारही कोणीतरी सुचवेलच: बेसिनखालचा विणलेल्या स्टीलचा कनेक्शन पाइप. घेऊ नका. आतला मार्ग अगदी बारीक, वरची जाळी मातीत गंजते, आणि तो जमिनीत गाडण्यासाठी केलेलाच नसतो. पारदर्शक लेव्हल ट्यूबही नको. उन्हाने ती कडक होते आणि आत शेवाळ धरतं. उघड्यावर राहणारी नळी काळीच घ्यावी.

सामान आणण्याआधी मात्र दोन मोजमापं करा, नाहीतर महागडा फवारा उंदीर शिंकल्यासारखा उडतो. पहिलं दाबाचं. गच्चीवरच्या टाकीतून पाणी घेणार असाल तर दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो. आमच्यासारख्या तीन मजली इमारतीत टाकी जमिनीपासून चौदाएक मीटरवर, म्हणजे १.४ बार. नळ्यांतलं घर्षण, वळणं आणि फिल्टर वजा जाता हातात येतो एक-सव्वा बार. बागेचे पॉपअप फवारे, जे दाब आला की मातीतून डोकं वर काढतात, ते साधारण दोन बारसाठी घडवलेले असतात. एका बारवर ते अर्धवट वर येतात आणि भोवतीने पाणी गळत राहतं. म्हणून जुन्या चाळी-इमारतींत गुरुत्वाच्या पाण्यावर मायक्रो स्प्रिंकलर बरे. पॉपअपच हवे असतील तर छोटा बूस्टर पंप लागेल. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत दुखणं उलट असतं. तिथे उंचीमुळे दाब इतका येऊ शकतो की पाण्याचं धुकं होतं आणि एल्बो खाचेतून निसटून उडते. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आधी, बाकी सगळं नंतर.

दुसरं मोजमाप बादलीचं. वीस लिटरची बादली ज्या नळावरून लाइन घेणार त्याखाली ठेवा, नळ पूर्ण सोडा, घड्याळ बघा. एका मिनिटात भरली तर मिनिटाला वीस लिटर. त्यातलं पंधरा लिटरच आपलं समजा. लहान फवारा मिनिटाला एक ते अडीच लिटर घेतो, म्हणजे एका वेळी सहा-सात फवारे आरामात. जास्त हवे असतील तर दोन भाग करून दोन व्हॉल्व्ह ठेवा.

आणि तिसरी गोष्ट स्वतःला विचारायची: स्प्रिंकलर खरंच हवाय का? सहा कुंड्या आणि एक तुळस असेल तर तांब्या पुरे. पट्टी दोन फुटांपेक्षा अरुंद असेल तर फवारा निम्मं पाणी बाहेरच टाकतो. तिथे ठिबकचे ड्रिपर लावा आणि हा लेख इथेच मिटा. तीन-चार फुटांची पट्टी, खाली पसरणारी झाडं, कुंडीत न मावणारी दाटी, तिथेच फवाऱ्याला अर्थ आहे.

आता खोदकाम. आधी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या किंवा घरमालकांच्या कानावर घाला. चेंबरच्या आसपास खणताना कोणी पाहिलं की बोभाटा होतो. आमच्या भागात वीतभर मातीखाली काय निघेल याचा नेम नाही. विटांचे तुकडे, लाद्या, डेब्रिज, बिडाची जुनी नळी, आणि कुठे विजेची केबल. म्हणून पहार चालवू नका. खुरप्याने, बसून, हाताने खणा. सहा इंच खोली पुरते. मुख्य नळी पट्टीच्या बरोबर मधून सरळ जायला हवी असा आग्रह धरू नका, कारण इथेच लवचिक राइझरचा खरा उपयोग आहे. आमच्या सोनचाफ्याची जाड मुळं वाटेच्या कडेपर्यंत गेली आहेत. कडक राइझर असता तर नळी बरोबर फवाऱ्याखालूनच न्यावी लागली असती, म्हणजे मुळं तोडा. आम्ही नळी भिंतीच्या बाजूने नेली, टी तिथेच ठेवली, आणि स्विंग पाइपचा दीड फुटाचा तुकडा मुळाला वळसा घालून कडेला आणला. मूळ शाबूत, फवारा जागेवर.

वळसा घालताना नळी ताणू नका. सापासारखी सैल पडू द्या, चारएक इंच मातीखाली. ताणलेल्या नळीला धक्का बसला तर ती एल्बोतून सुटते, सैल असेल तर सरकते. आणि बोटाने दाबून चपटी झाली असं वळण कुठेही नको. तिथे पाणी अडतं, पुढे नळी तिथेच चिरते. नळी एल्बोवर चढत नसेल तर टोक गरम पाण्याच्या पेल्यात अर्धा मिनिट धरा. लायटरने तापवणारे प्लंबर मी पाहिलेत. नळी मऊ होते खरी, पण पातळही होते. तेल किंवा ग्रीस लावू नका. सहज चढलेली नळी सहज निघतेही.

आट्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण गळती इथूनच सुरू होते. बाहेरून आलेल्या बऱ्याच फवाऱ्यांचे आटे अमेरिकी मापाचे असतात, आपली फिटिंग ब्रिटिश मापाची. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचाला चौदाच आटे, म्हणून ते एकमेकांत शिरतात आणि माणूस फसतो. आट्यांचा कोन वेगळा असतो, शिवाय अमेरिकी आटा वर जाताना निमुळता होतो. त्यामुळे तीन-चार फेऱ्यांनंतर घट्ट लागतं. तिथे पान्हा घालून जोर केलात की टी उभी चिरते, आणि चिरलेली दिसत नाही. दोन आठवड्यांनी ओल दिसते. टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे आटे फिरतात त्याच दिशेने घ्या, हाताने लागेल तेवढं फिरवा आणि त्यावर फार तर अर्धा फेरा. लोखंडी नळीला चालणारं सुतळी आणि सफेद्याचं जुनं औषध प्लॅस्टिकला लावू नका. जमत असेल तर टी पितळी आट्यांची घ्या. चार पैसे जास्त जातात, पण दरवर्षी काढघाल करायची आहे (का, ते पुढे येतंय), आणि प्लॅस्टिकचे आटे काढघालीत झिजतात.

सगळं जोडलं की फवारे लावण्याआधी लाइन धुवा. हे कोणी करत नाही. नळी कापताना पडलेला पीव्हीसीचा भुसा, माती, टेपची चिंधी, सगळं फवाऱ्याच्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसतं. फवारे न लावता दोन मिनिटं पाणी सोडा, शेवटच्या टोकाचं पाणी पांढऱ्या मगात घेऊन बघा, स्वच्छ दिसलं की मग डोकी बसवा. सुरुवातीला एक साधा जाळीचा फिल्टर हवाच. गच्चीच्या टाकीच्या तळाला काय असतं ते टाकी धुतानाच कळतं.

फवाऱ्याचं डोकं मातीच्या पातळीला बरोबर असावं, वर नको. वर राहिलं की पाय, चाक, झाडू, सगळ्यांचं ते गिऱ्हाईक. कडेपासून तीन बोटं आत. लवचिक राइझरची एक खोड आहे: पाणी सुरू झालं की डोकं डोलतं. त्यासाठी भोवतीची माती विटांच्या बारीक तुकड्यांसह नीट ठोकून बसवा. उंच झुडपांवरून पाणी हवं म्हणून राइझर फूटभर वर आणायचा असेल तर शेजारी आठ मिलिमीटरची सळई खोचा, दोन जागी केबल टायने सैलसर बांधा, आणि सळईच्या टोकाला रबरी बूच घाला. वाकलेल्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर ते टोक येतं.

पूर्ण वर्तुळाचा फवारा अशा जागेत कुठेच नको. कोपऱ्यात पाव वर्तुळ, कडेला अर्ध. वरच्या स्क्रूने फेक तीन फुटांवर आणा आणि झाडांची उंची बघून कोन खाली ठेवा. भिंतीवर रोज पाणी पडलं तर प्लास्टर फुगतं, आणि ती भिंत शेजारच्या सोसायटीची असेल तर पत्रव्यवहार सुरू होतो. विजेच्या मीटरच्या दिशेने एकही थेंब जाता कामा नये. वाऱ्यासकट तपासा, दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो आणि तुषार तिरके जातात. म्हणून वेळ पहाटेची, सहाच्या सुमाराची. रात्री पानं ओली ठेवली तर आपल्या दमट हवेत मोगरा-जास्वंदीवर बुरशी येते.

किती वेळ चालवायचा? आमची पट्टी साठ चौरस फूट, म्हणजे साडेपाच चौरस मीटर. पाच मिलिमीटर पाणी द्यायचं तर २८ लिटर, दीड बादली. साधा फवारा तासाला सुमारे ४० मिलिमीटरच्या वेगाने पाणी टाकतो. म्हणजे सात-आठ मिनिटांत काम संपलं. या आकड्याची गंमत अशी, की मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. तुमचा चिमुकला फवारा त्याहून जोरदार पाऊस पाडतोय. अर्धा तास चालू ठेवून पेपर वाचत बसलात, तर पट्टीचं पावसात तुंबलेलं हिंदमाता होणारच. उन्हाळ्यात रोज सात मिनिटं, थंडीत एकाआड एक दिवस.

आता पाणी कुठून घ्यायचं. महापालिकेच्या येणाऱ्या लाइनला फवारे थेट जोडू नका. हे काटकसरीसाठी सांगत नाहीये. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. गेलं की नळीत ओढ तयार होते, आणि मातीत बसलेल्या फवाऱ्यातून चिखलाचं पाणी उलट पिण्याच्या नळीत शिरू शकतं. गच्चीच्या टाकीपासून वेगळी लाइन घ्या, तिच्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. त्याहून चांगलं म्हणजे पंपाच्या खोलीवर वेगळा ड्रम ठेवा, त्यात वरून धार पडू द्या आणि ड्रमातलं पाणी छोट्या पंपाने बागेला द्या. धार आणि पाणी यांच्यात हवा राहिली की उलट ओढ लागूच शकत नाही. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर आधी चव बघा. मचूळ लागलं तर पानांवर फवारू नका. मिठाने कडा जळतात. ते मुळाशी द्या.

व्हॉल्व्ह, फिल्टर, टायमर आणि पंपाचं बटण किती उंचीवर बसवायचं, हे इतर ठिकाणी कोणी सांगणार नाही. आमच्याकडे कोणालाही विचारा, तो मांडीवर किंवा कमरेवर हात ठेवून दाखवेल: त्या वर्षी पाणी इथवर होतं. हिंदमाता म्हणजे बशी. चहूकडचं पाणी इथे उतरतं, आणि भरती असली की समुद्र ते घेत नाही. आता इथलं पावसाचं पाणी परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली बांधलेल्या टाक्यांत नेलं जातं. बागेखाली पाण्याचं धरण, असा उलटा संसार आहे. उपसा लवकर होतो, पण पाणी येतच नाही असं नाही. तेव्हा इमारतीत जी सगळ्यात वरची खूण असेल, तिच्याहून दीड फूट वर ही मंडळी बसवा.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस कोसळण्याआधी, राइझर काढा. मुंबईला वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात मिळतो. चार महिने फवाऱ्याला काम नाही. पण तो जागेवर राहिला तर तुंबलेलं पाणी, गाळ, डिझेलचा तवंग आणि गटारातली घाण नळीत जाऊन बसते. आधी लाइन धुवा, मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, राइझर उलटे फिरवून काढा, टीच्या तोंडात एंड प्लग घाला. फवारे सुटे करून जुन्या टूथब्रशने घासा आणि सुकवून डब्यात ठेवा. एखाद्या वर्षी काढायचं राहून गेलं आणि पाणी आलंच, तर उतरल्यावर उघड्या हाताने त्यात हात घालू नका. गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. हातापायाला जखम असेल तर दुसऱ्या कोणाला करू द्या. लेप्टोस्पायरोसिसचा धोका नुसता कागदावरचा नाही. असं पाणी शिरलेली लाइन भरपूर चांगल्या पाण्याने धुतल्याशिवाय आणि जाळी घासल्याशिवाय कढीपत्त्यावर फवारू नका.

राइझर काढलेत की प्लग घातलेल्या प्रत्येक टीची जागा भिंतीवर ऑइल पेंटने ठिपका देऊन दाखवा, आणि ठिपक्याखाली भिंतीपासून किती इंचांवर आणि किती खोल, ते लिहा. पहिल्या वर्षी मी ते केलं नाही. ऑक्टोबरात पट्टीवर चार बोटं गाळ बसला होता, अळूने सगळी जागा व्यापली होती, आणि सात टींपैकी दोन मला अजून सापडलेल्या नाहीत.